शर्यत कोणी गाजवली?

विद्यार्थी मित्रांनो, 'शर्यत' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील 'शर्त' आणि मराठीतील 'शर्यत' हे एकाच कुळातले शब्द आहेत. उर्दूत शर्त म्हणजे अट किंवा पैज. मराठीत शर्यत म्हणजे मुख्यतः वेगाची चढाओढ; जसे, धावण्याची शर्यत, सायकलींची शर्यत, बैलगाड्यांची शर्यत. याच कुळातला आणखी एक शब्द मराठीत आहे, तो म्हणजे 'शर्थ'. शर्थ करणे म्हणजे जिवापाड प्रयत्न करणे. अट, चढाओढ आणि जिवापाड प्रयत्न हे तिन्ही अर्थ एका ठिकाणी पाहायचे असतील, तर मोटारींची शर्यत पाहावी. या पाठात आपण तीच पाहणार आहोत. मात्र गाड्या किती वेगाने धावतात, एवढेच सांगण्यासाठी हा पाठ नाही. शर्यत संपल्यावर प्रेक्षक जो वाद घालतात, तो न्यायाने कसा घालावा, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे.

क्रिकेटचा सामना झाल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात काय चालते, ते आठवा. एक जण म्हणतो, "त्याने फक्त वीस धावा काढल्या." लगेच दुसरा म्हणतो, "पण खेळपट्टी कशी होती ते पाहिलेस का? चेंडू हातभर वळत होता. त्या वीस धावा एरवीच्या ऐंशी धावांच्या तोडीच्या होत्या." तिसरा म्हणतो, "तो धावबाद झाला खरा, पण चूक समोरच्याची होती." हा वाद चांगला आहे. कारण त्यात धावफलकाच्या पलीकडे पाहिलेले असते. क्रिकेट आपल्या ओळखीचे आहे, म्हणून असे प्रश्न आपल्याला सहज सुचतात. मोटारींच्या शर्यतीबाबत मात्र पुष्कळ लोक एकच प्रश्न विचारतात, "पहिला कोण आला?" आणि उत्तर मिळाले की उठून जातात.

मोटारींच्या शर्यतींमध्ये 'फॉर्म्युला वन' ही जगातील सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा होय. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. 'फॉर्म्युला' म्हणजे गाडी कशी असावी याविषयीचे ठरलेले नियम. इंजिन केवढे असावे, गाडीचे वजन किती असावे, अशा अटी सर्वांना पाळाव्या लागतात. त्या अटींच्या आत राहून प्रत्येक संघ आपापली गाडी बनवतो. म्हणून सर्व गाड्या सारख्या नसतात. काही वेगवान असतात, काही संथ असतात. प्रत्येक शर्यतीला 'ग्रां प्री' म्हणतात. या फ्रेंच शब्दांचा अर्थ 'मोठे बक्षीस' असा आहे. बहुतेक शर्यती सुमारे तीनशे किलोमीटरच्या असतात. वळणावळणाच्या एका बंद मार्गावर, म्हणजे सर्किटवर, ठरलेल्या फेऱ्या मारायच्या असतात. शर्यतीपूर्वी वेगाची चाचणी होते. तिच्यात जो सर्वांत कमी वेळात फेरी पूर्ण करतो, तो साधारणपणे सर्वांत पुढे उभा राहतो. बाकीचे त्याच्या मागे क्रमाने उभे राहतात.

आता एका खऱ्या शर्यतीकडे वळू या. ती होऊन अनेक वर्षे झाली, तरी मोटार-शर्यतींचे शौकीन तिच्याविषयी अजून बोलतात.

१ जुलै १९७९ हा दिवस. फ्रान्समधील दिजाँ शहराजवळच्या सर्किटवर फ्रेंच ग्रां प्री होती. एक फेरी ३.८ किलोमीटरची आणि एकूण फेऱ्या ८०. सर्वांत पुढे रेनो या फ्रेंच कंपनीच्या दोन पिवळ्या गाड्या उभ्या होत्या. एकीत झाँ-पिएर झाबुई हा चालक होता आणि दुसरीत रने आर्नू. दोघेही फ्रेंच. त्यांच्या मागे तिसऱ्या जागी इटलीच्या फेरारी कंपनीची लाल गाडी होती. तिचा चालक होता कॅनडाचा झील व्हिलनव्ह.

रेनोच्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी होती. त्यांत 'टर्बो' इंजिन होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची, अशी ही युक्ती. त्यामुळे इंजिन आकाराने लहान असूनही जास्त ताकद देते. रेनोने १९७७ साली ही गाडी फॉर्म्युला वनमध्ये आणली, तेव्हा ती वारंवार बंद पडे आणि धूर सोडीत उभी राही. लोक तिला थट्टेने 'पिवळी किटली' म्हणू लागले. झाबुई त्या किटलीबरोबर दोन वर्षे झगडत होता.

शर्यत सुरू होताच व्हिलनव्हने दोन्ही रेनोंना मागे टाकून आघाडी घेतली. आर्नूची सुरुवात फसली आणि तो नवव्या क्रमांकापर्यंत घसरला. व्हिलनव्ह अर्ध्याहून अधिक शर्यत पुढे राहिला. मात्र वेगाने गाडी हाकताना त्याचे टायर झिजत चालले होते. सत्तेचाळिसाव्या फेरीत झाबुईने त्याला ओलांडले आणि तो हळूहळू दूर निघून गेला. तिकडे आर्नू एकेकाला मागे टाकत पुढे सरकत होता. शेवटी तो व्हिलनव्हच्या पाठीशी येऊन ठेपला.

अठ्ठ्याहत्तराव्या फेरीत आर्नूने व्हिलनव्हला मागे टाकले. आता सारे संपले असे वाटत असतानाच पुढच्या फेरीत व्हिलनव्हने फार उशिरा ब्रेक लावून आपली जागा परत घेतली. त्याच्या टायरमधून धूर निघाला. शेवटच्या फेरीत तर दोघे पुन्हा पुन्हा एकमेकांच्या पुढे गेले. चाकाला चाक घासले. कधी एकाची, कधी दुसऱ्याची गाडी मार्गाच्या कडेबाहेर गेली. तरी कोणी माघार घेतली नाही. अखेर व्हिलनव्ह दुसरा आला आणि आर्नू तिसरा. दोघांमधले अंतर एका सेकंदाच्या पाव भागाएवढे होते. पहिला आलेला झाबुई त्यांच्या चौदा सेकंद आधीच शर्यत संपवून मोकळा झाला होता. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनाच्या गाडीने जिंकलेली ही पहिली शर्यत होती.

अशा शर्यतीनंतर चार शौकीन एकत्र बसले, तर काय बोलतील? कल्पना करा.

पहिला म्हणेल, "व्हिलनव्हच खरा मर्द. त्याची गाडी कमी ताकदीची, टायर झिजलेले. तरी त्याने टर्बोला रोखले."

दुसरा म्हणेल, "आणि आर्नू? तो नवव्या क्रमांकावरून आला. शेवटी त्याच्या इंजिनाला इंधन नीट पोहोचत नव्हते. अडखळणाऱ्या इंजिनावर त्याने एवढी टक्कर दिली, हे तुम्ही का विसरता?"

तिसरा म्हणेल, "अहो, जिंकला तो झाबुई! त्याचे नावही तुम्ही घेत नाही. हा कुठला न्याय?"

चौथा मान हलवून म्हणेल, "चाकाला चाक लावून गाडी चालवणे याला मी कौशल्य म्हणत नाही. एखादा जिवानिशी गेला असता."

चौघांच्या बोलण्यात तथ्य आहे. मग निवाडा कसा करायचा? त्यासाठी आधी एक गोष्ट नीट कळली पाहिजे, ती म्हणजे एक गाडी दुसऱ्या गाडीला ओलांडते कशी. यालाच आपण रोजच्या बोलण्यात 'ओव्हरटेक करणे' म्हणतो. पाहणाऱ्याला वाटते, ज्याची गाडी वेगवान तो सहज पुढे जात असेल. प्रत्यक्षात ते काम फार अवघड असते.

पहिली गोष्ट हवेची. समोरून जोराचा वारा येत असताना सायकल चालवली, की पाय भरून येतात. मोटार जितकी वेगाने जाईल, तितका हवेचा विरोध वाढतो. ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळपास धावणाऱ्या गाडीला हवा भिंतीसारखी आडवी येते. इंजिनाची पुष्कळशी ताकद ती भिंत फोडण्यात खर्च होते. पण पुढच्या गाडीने हवा फोडली, की तिच्या मागे आडोसा तयार होतो. मागच्या गाडीला त्या आडोशात विरोध कमी लागतो. सरळ रस्त्यावर ती पुढच्या गाडीच्या शेपटीशी जाते आणि ऐन वेळी बाजूला होऊन पुढे झेप घेते. या आडोशाला 'स्लिपस्ट्रीम' असे म्हणतात.

पण जी हवा सरळ रस्त्यावर मित्र असते, तीच वळणात शत्रू होते. या गाड्यांना पुढे आणि मागे पंख असतात. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात. गाडीचे पंख त्याच्या उलट गाडीला खाली दाबतात. त्या दाबामुळे टायर रस्त्याला घट्ट धरून राहतात आणि वळणातही वेग ठेवता येतो. मात्र पुढच्या गाडीमागची हवा घुसळलेली असते. अशा हवेत मागच्या गाडीचे पंख नीट काम करत नाहीत. पकड कमी होते, गाडी वळणात बाहेर सरकते आणि टायर तापून लवकर झिजतात. म्हणून वेगवान गाडीसुद्धा संथ गाडीच्या मागे फेऱ्यामागून फेऱ्या अडकून पडते. अशा वेळी प्रेक्षक म्हणतात, "हा पुढे का जात नाही? घाबरतो वाटते!" दरवेळी ते भित्रेपण नसते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. लांब सरळ रस्ता संपून वळण आले, की ब्रेक लावावाच लागतो. दोन गाड्या शेजारी शेजारी असतील, तर जो क्षणभर उशिरा ब्रेक लावील तो पुढे निघतो. पण तो क्षण जरासा लांबला, तर गाडी वळणार नाही आणि सरळ मार्गाबाहेर जाईल. शिवाय वळणाची आतली बाजू ज्याच्या ताब्यात, त्याला कमी अंतर कापावे लागते. म्हणून मागचा चालक आत शिरू पाहतो आणि पुढचा चालक आतली बाजू झाकून ठेवतो. हा सारा निर्णय डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट टायरची. टायर जसजसे झिजतात, तसतशी त्यांची पकड कमी होते. समजा, एका चालकाने नुकतेच नवे टायर घातले आहेत आणि दुसऱ्याचे टायर वीस फेऱ्या जुने आहेत. पहिल्याने दुसऱ्याला ओलांडले, तर त्यात कौशल्य किती आणि नव्या रबराचा वाटा किती, हे तपासावे लागेल.

याशिवाय नियमही बदलत असतात. गाड्यांना ओलांडणे फार कठीण झाले आहे, अशी तक्रार वाढली, तेव्हा २०११ साली एक नवी सोय आली. पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असलेल्या चालकाला ठरलेल्या सरळ रस्त्यावर मागच्या पंखाची एक पट्टी उघडता येई. पट्टी उघडली की हवेचा विरोध कमी होई आणि वेग वाढे. पुढच्या चालकाला मात्र तीच सोय तेवढ्यासाठी मिळत नसे. यामुळे ओलांडण्याची संख्या वाढली. पण शौकिनांमध्ये नवा वाद सुरू झाला. काहींना शर्यत रंगतदार वाटली. काही म्हणाले, पुढच्याच्या हाती ढाल नसताना मिळवलेली जागा लढून मिळवलेल्या जागेच्या बरोबरीची कशी मानायची? एखाद्याने दहा गाड्या ओलांडल्या असे ऐकले, तर नुसता आकडा पुरत नाही. त्या कशा ओलांडल्या, हे विचारावे लागते.

आता पुन्हा दिजाँकडे जाऊ. सरळ रस्त्यावर टर्बोची ताकद आर्नूच्या बाजूने होती. म्हणून त्याचे पहिले ओलांडणे अपेक्षितच होते. व्हिलनव्हजवळ ती ताकद नव्हती. त्याला सरळ रस्त्यावर मिळण्यासारखे थोडेच होते. त्याने आपली जागा ब्रेकच्या ठिकाणी परत मिळवली, म्हणजे जिथे गाडीपेक्षा चालकाच्या अंदाजाला जास्त किंमत असते तिथे. हे लक्षात घेतले, की पहिल्या शौकिनाचे म्हणणे पटते. पण अडखळत्या इंजिनामुळे आर्नूची ताकदही कमी झाली होती. म्हणून शेवटच्या फेरीत दोघे जवळजवळ बरोबरीचे होते आणि त्यामुळेच लढत इतकी रंगली. दुसऱ्या शौकिनाचेही चुकले नाही.

तिसऱ्या शौकिनाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. झाबुईने व्हिलनव्हला ओलांडले, ते एकदाच आणि गाजावाजा न करता. नंतर त्याने चूक केली नाही, टायर सांभाळले आणि चौदा सेकंदांची आघाडी घेतली. मागे कोणी नसल्यामुळे त्याची लढत दिसली नाही. जो आपले काम इतके नीट करतो की त्याच्याभोवती काही घडतच नाही, त्याच्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. ज्या किटलीची थट्टा झाली, तिला विजयापर्यंत नेणारा चालक त्या दिवशीही लोकांच्या बोलण्यात मागेच राहिला. 'शर्यत कोणी जिंकली' आणि 'शर्यत कोणी गाजवली' हे दोन निराळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारावेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याला देऊ नये.

कधी कधी मात्र दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे पावसात शर्यत झाली. ब्राझीलचा आयर्टन सेन्ना चौथ्या जागेवरून निघाला आणि सुरुवातीलाच पाचवा झाला. पण पहिली फेरी पूर्ण होण्याच्या आत त्याने पुढच्या चारही गाड्यांना मागे टाकून आघाडी घेतली. त्या काळी विल्यम्स संघाच्या गाड्या सेन्नाच्या गाडीपेक्षा सरस होत्या. त्या चौघांत विल्यम्सचे दोन्ही चालक होते. ओल्या रस्त्यावर इंजिनाच्या ताकदीचा पुरता उपयोग होत नाही. कुठे पकड मिळेल, हे चालकाला हाताने आणि पाठीने ओळखावे लागते. त्यामुळे पावसात गाड्यांमधला फरक कमी होतो आणि चालकांमधला फरक उघडा पडतो. सेन्नाने ती शर्यत एक मिनिटाहून जास्त फरकाने जिंकली.

तुम्ही म्हणाल, "सर, पाऊस काही रोज पडत नाही. मग कोरड्या रस्त्यावर चालकाची पारख कशी करायची?" त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. एका संघाच्या दोन चालकांना सहसा सारखीच गाडी मिळते. म्हणून चालकाची तुलना आधी त्याच्या जोडीदाराशी करावी. ही कसोटी आपल्या देशाच्या एका चालकाला लावून पाहू.

तामिळनाडूचा नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक. २००५ साली तो जॉर्डन या संघाकडून खेळला. त्याच वर्षी १९ जून रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील शर्यतीत तो चौथा आला आणि त्याने पाच गुण मिळवले. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. चौथा क्रमांक! ऐकून अभिमान वाटतो. पण त्या दिवशीची अट पाहा. मिशेलिन कंपनीचे टायर तिथल्या एका वेगवान वळणात सुरक्षित नाहीत, असे आढळून आले होते. ते टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या शर्यत सुरू होण्यापूर्वीच परत फिरल्या. प्रत्यक्ष शर्यत फक्त सहा गाड्यांची झाली. कार्तिकेयनचा जोडीदार त्याच्या पुढे, तिसरा आला.

आता दुसरी शर्यत पाहा. ३० ऑक्टोबर २०११ रोजी उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथे पहिली भारतीय ग्रां प्री झाली. कार्तिकेयन त्या वेळी एच.आर.टी. या संघात होता. त्या संघाच्या गाड्या सर्वांत संथ गाड्यांमध्ये मोडत. शिवाय मधले काही महिने त्याला शर्यतीत भाग घ्यायला मिळाले नव्हते. या शर्यतीत तो सतरावा आला. सतरावा म्हटल्यावर कोणी टाळी वाजवणार नाही. पण त्याचा जोडीदार, ऑस्ट्रेलियाचा तरुण चालक डॅनियल रिकार्डो, त्याच्या मागे अठरावा आला. याच रिकार्डोने पुढे फॉर्म्युला वनच्या आठ शर्यती जिंकल्या.

मग सांगा, कार्तिकेयनची कोणती कामगिरी मोठी? चौथ्या क्रमांकाची की सतराव्या? नुसत्या आकड्यांकडे पाहिले, तर उत्तर एक येते. अटी पाहिल्या, तर उत्तर दुसरे येऊ शकते. इथेही सांभाळून बोलावे लागेल. २००५ साली सहाच गाड्या धावल्या, हा काही कार्तिकेयनचा दोष नव्हता. त्याला शर्यत चुकीशिवाय पूर्ण करायची होती आणि ती त्याने केली. तसेच एका शर्यतीत तो रिकार्डोच्या पुढे आला, म्हणून तो रिकार्डोपेक्षा श्रेष्ठ, असेही म्हणता येणार नाही. आपल्या माणसाचे कौतुक जरूर करावे. पण ज्या मापाने दुसऱ्याला मोजतो, त्याच मापाने आपल्यालाही मोजावे.

आता चौथ्या शौकिनाचा आक्षेप राहिला. दिजाँच्या लढतीनंतर काही ज्येष्ठ चालकांनीही असाच आक्षेप घेतला होता. त्यांच्या मते ती लढत धोकादायक होती. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येते, की व्हिलनव्ह आणि आर्नू यांनी एकमेकांना मार्गाबाहेर ढकलून देण्यासाठी गाडी चालवली नाही. चाके घासली, तरी दोघेही शेवटपर्यंत शर्यतीत राहिले आणि शर्यतीनंतर त्यांच्यात कटुता आली नाही. प्रतिस्पर्ध्याला जागा सोडून त्याला हरवणे आणि धक्का देऊन हरवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला ओलांडणे म्हणतात, दुसऱ्याला दांडगाई. आजच्या नियमांतही शेजारी आलेल्या गाडीला जागा सोडावी लागते. न सोडल्यास शिक्षा होते.

परंतु धोक्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दिजाँची ती लढत फक्त दुसऱ्या क्रमांकासाठी होती. त्या काळी दुसऱ्याला सहा गुण मिळत आणि तिसऱ्याला चार. म्हणजे सारी धडपड दोन गुणांची. त्या वर्षी व्हिलनव्हचे जगज्जेतेपद चार गुणांनी हुकले. ते त्याच्याच संघातील जोडी शेक्टर या चालकाला मिळाले. म्हणून दोन गुण क्षुल्लक होते, असे म्हणता येत नाही. तरी तीन वर्षांनी, ८ मे १९८२ रोजी, बेल्जियममध्ये झोल्डर येथे वेगाच्या चाचणीत व्हिलनव्हची गाडी पुढच्या संथ गाडीला धडकली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. ज्या धाडसाला प्रेक्षक टाळ्या देतात, त्याची किंमत प्रेक्षकाला मोजावी लागत नाही. चालकाला आणि त्याच्या घरच्यांना ती मोजावी लागते. एखादा चालक पावसात वेग कमी करतो किंवा धोक्याची जागा सोडून देतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

आणखी एक गोष्ट. सर्किटवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात. समोरून ट्रक येत नाही, रस्ता ओलांडणारे मूल नसते. चालक शिकलेले असतात, डोक्याला शिरस्त्राण असते, जागोजागी मदतीची माणसे उभी असतात. आपल्या रस्त्यावर यांतले काही नसते. म्हणून शर्यतीत पाहिलेले ओव्हरटेक मोटारसायकलवर करून दाखवण्याचा मोह कोणी धरू नये. रस्ता हे शर्यतीचे मैदान नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी एखाद्या शर्यतीविषयी बोलायला बसाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. गाडी कशी होती? टायर आणि हवामान कसे होते? त्याच गाडीतला जोडीदार कुठे होता? आणि मिळवलेली जागा प्रतिस्पर्ध्याला जागा देऊन मिळवली की धक्का देऊन? या चार प्रश्नांनंतरही तुमचे एकमत होईलच असे नाही. दिजाँविषयी शौकिनांचे अजूनही एकमत नाही. पण तुमचा वाद मग नुसत्या नावांचा आणि क्रमांकांचा राहणार नाही. सतराव्या आलेल्या चालकाकडेही तुमचे लक्ष जाईल आणि शांतपणे जिंकून गेलेल्या झाबुईसारख्या चालकाचे नाव घ्यायला तुम्ही विसरणार नाही.